शनिवारच्या बैठकीची आठवण

सदस्यहो, शनिवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या खोलीत मायकेल बर्क यांच्या पत्रकारितेवर बोलायचं आहे. येताना त्यांचा इथिओपियातल्या दुष्काळावरचा वृत्तांत पाहून या. काही मिनिटांचाच आहे. ऑक्टोबर १९८४, गाव कोरेम. बर्क बीबीसीचे वार्ताहर, कॅमेऱ्यामागे केनियाचे मोहम्मद अमीन. पहाटेच्या थंडीत मैदानभर पसरलेली उपाशी माणसं कॅमेरा सावकाश टिपत जातो. बर्क मोजकंच बोलतात, आवाज कुठेही चढत नाही. (आपल्या अँकरमंडळींनी एकदा तरी पाहावा!) त्या चित्रणाने जग हललं, दुष्काळग्रस्तांसाठी निधी गोळा करणारी १९८५ची ‘लाइव्ह एड’ ही संगीत मैफल त्यातूनच उभी राहिली. अमीन १९९६ मध्ये अपहृत विमानाच्या अपघातात गेले. त्यांच्यावरही सविस्तर बोलू, कारण श्रेय नेहमी बर्कनाच मिळतं. दृश्यं जड आहेत, लहान मुलांसमोर लावू नका.