एक्स-रेमध्ये दुखणं दिसत नसतं

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत गुडघेदुखीवर पानभर मजकूर आला, तो वाचला, चांगला होता. पण त्यात एक वाक्य असं होतं की एक्स-रेमध्ये ग्रेड जितकी जास्त तितकं दुखणं जास्त, आणि ग्रेड ४ आली की ऑपरेशनशिवाय पर्याय नाही. मी तालुक्याच्या गावात फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. दुसऱ्याच दिवशी एक आजोबा ते कात्रण घडी घालून खिशातून घेऊन आले, त्यांचा एक्स-रे ग्रेड ४ चा, रोज सकाळी शेतापर्यंत चालत जाऊन येतात, आणि मला विचारतात मॅडम मला दुखत नाही म्हणजे नस मेली की काय. म्हणून हे पत्र.

ही ग्रेडची भानगड म्हणजे केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ साली मांडलेली ० ते ४ अशी पट्टी आहे. सांध्यातली फट किती कमी झाली, कडेला हाडाचे काटे किती वाढले, एवढंच त्यात बघतात. दुखणं मोजायला ती केलेलीच नाही. २००८ साली याच विषयावरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले गेले, तर एक्स-रेत झीज असणाऱ्यांमध्ये गुडघा दुखतो म्हणणारे कुठल्या अभ्यासात १५ टक्के निघाले तर कुठल्या अभ्यासात ८१ टक्के, आणि उलट बाजूने बघितलं तर दुखणाऱ्यांमध्ये झीज सापडली १५ पासून ७६ टक्क्यांपर्यंत. आता एवढ्या फरकावर कुणाचं दुखणं किती खरं हे कसं ठरवणार सांगा.

लोक म्हणतात गादी झिजली म्हणून दुखतंय, पण त्या गादीत म्हणजे कूर्चेत दुखण्याच्या नसाच नसतात. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर सुजलं तर ते, वाटीच्या खालची चरबी, आजूबाजूचे लिगामेंट. हाडाच्या आतली सूज एमआरआयमध्ये दिसते, साध्या एक्स-रेत नाही.

याचा अर्थ एक्स-रे बिनकामाचा असा मात्र काढू नका, तेही चुकीचंच. अमेरिकेतल्या दोन मोठ्या पाहण्यांमधून २००९ साली एक फार हुशारीचं काम झालं. ज्यांचा एक गुडघा दुखतो आणि दुसरा दुखत नाही अशी माणसं त्यांनी निवडली आणि त्याच माणसाचे दोन गुडघे एकमेकांशी ताडून बघितले, तर जास्त झिजलेलाच गुडघा जास्त दुखतो हे अगदी ठळक दिसलं. म्हणजे एकाच माणसात झीज आणि दुखणं यांचा मेळ बसतो, गडबड होते ती आपण माणसामाणसाची तुलना करायला जातो तेव्हा, कारण माणूस बदलला की त्याची झोप, वजन, अनुवंश, मनावरचा ताण, किती वर्षं दुखतंय, सगळंच बदलतं.

माझ्याकडे ग्रेड २ वाल्या एक काकू येतात. जिना उतरताना कठड्याला दोन्ही हात धरून आडव्या उतरतात, खाली मांडी घालून बसणं तर कधीच बंद झालंय. मी त्यांचा गुडघा अंगठ्याने हळूहळू दाबला, माझं नख पांढरं पडेपर्यंत दाबलं की साधारण चार किलोचा दाब होतो, त्याच्या निम्म्यालाही पोचले नसेन तोवर त्यांनी माझा हात धरला. मग तसंच कोपराखाली हातावर दाबून बघितलं, जिथे संधिवाताचा काही संबंधच नाही, तिथेही तेच. शेतावर जाणाऱ्या त्या आजोबांना दाबताना माझं नख पांढरंफटक झालं तरी ते माझ्याशी कारखान्याच्या बिलाबद्दल बोलत होते.

लांबच्या जागी पण दुखतं तेव्हा समजायचं की नुसता गुडघा नाही, मज्जारज्जू आणि मेंदूपर्यंतची सगळी यंत्रणाच जास्त जागी झालेली आहे. मोठ्या सेंटरमध्ये हे यंत्राने मोजतात. बोथट टोक एकाच जागी सेकंदाला एकदा असं दहा वेळा टेकवतात, काही जणांना पहिल्यांदा आणि दहाव्यांदा जवळपास सारखंच वाटतं, काहींना प्रत्येक वेळी वाढत जातं. दुसरी टेस्ट म्हणजे एक हात बर्फाच्या पाण्यात ठेवायला लावून गुडघा दाबतात. बऱ्याच जणांचा गुडघा तेवढ्यापुरता कमी दुखतो, कारण शरीर स्वतःच दुखणं दाबतं, पण काहींची ही सोय नीट चालत नाही. झोप मोडली की ती आणखी ढिली पडते, म्हणून मी नवीन पेशंटला गुडघ्याच्या आधी झोपेचं विचारते. त्या काकू रात्री दोन-तीनदा उठतात, सासऱ्यांना बघायला.

आणि घरात काय चाललेलं असतं? मुलगा म्हणतो डॉक्टर म्हणाले झीज थोडीच आहे, आई उगाच बाऊ करते. शेजारच्या अमक्या मावशी बघा, दोन्ही गुडघे गेलेत तरी मंडईत बसतात. ही तुलना बंद करा हो! जागतिक वेदना संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली त्यातच लिहिलंय की वेदना हा ज्याचा त्याचा अनुभव आहे आणि माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचा मान ठेवायचा. शिवाय मंडईतल्या मावशींना दुखत नाही असं तरी कुणी सांगितलं, त्या घरी बसल्या तर खाणार काय, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

ऑपरेशनच्या मी विरोधात नाही, योग्य पेशंटला गुडघा बदलल्यावर आयुष्य परत मिळतं हे रोज बघते. २०१७ मध्ये सरकारने इम्प्लांटच्या म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींवर मर्यादा आणली तेव्हापासून आमच्या भागातली साधी माणसंही तो विचार करू लागली, चांगलंच आहे. पण ऑपरेशननंतरही साधारण पाचातल्या एकाला दुखणं राहतं, हे तुमच्या लेखात कुठेच नव्हतं. ज्यांची अंगभर संवेदना आधीच वाढलेली आहे त्यांच्यात हे जास्त होतं असं बऱ्याच अभ्यासांत आलंय, सगळ्यांत नाही. उलट गुडघा बदलल्यावर ही वाढलेली संवेदना पुष्कळांची परत खाली येते असंही दिसलंय, म्हणजे गुडघाच तिला खतपाणी घालत होता. त्यामुळे काकूंसारख्यांना तुमचं सगळं डोक्यात आहे म्हणून वाटेला लावणं हेही तितकंच वाईट, आणि हे आमच्याच क्षेत्रातले लोक करतात.

अशा पेशंटला व्यायाम द्यायचाच, फक्त सुरुवात खालून करायची. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडीचा स्नायू आवळणं, उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं, दुसऱ्या दिवशी दुखणं फार वाढलं तर थोडं कमी करायचं, बंद नाही करायचं. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं की पावलागणिक गुडघ्यावरचा चारेक किलो भार हलका होतो, हे मोजून दाखवलेलं आहे. काहींना डॉक्टर ड्युलोक्सेटिन देतात, ते मुळात डिप्रेशनचं औषध, त्यावरून घरात मला वेडी ठरवता का म्हणून रडारड होते. ते नसांमधून जाणारं दुखणं कमी करायला पण वापरतात, अमेरिकेत २०१० पासून अशा जुनाट दुखण्यासाठी त्याला मान्यता आहे, एवढं जरी देताना सांगितलं तरी पेशंट गोळी नाल्यात टाकणार नाही. दुकानातून आणून महिनोन् महिने घेतलेल्या पेनकिलरने किडनीची वाट लागते, त्यावर तर वेगळंच पत्र होईल.

तुमच्या पेपरात दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या मोफत गुडघे तपासणी शिबिराची जाहिरात असते. तिथे रांगेत एक्स-रे काढतात, ग्रेड सांगतात आणि पुढच्याला बोलावतात. माझं एवढंच म्हणणं आहे की तिथे एक माणूस असा बसवा जो विचारेल झोप लागते का, अजून कुठे कुठे दुखतं, किती वर्षं झाली, घरात कोण बघतं. पाच मिनिटं लागतात. आणि पुरवणीतलं ते ग्रेड ४ चं वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करून छापा, आजोबांना कात्रण मी नेऊन देईन.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, सांगली जिल्हा