डॉ. मार्शा लिनहान यांना आभाराचं पत्र

डॉ. लिनहान, सादर नमस्कार.

‘एवढी हुशार मुलगी, तिला इतकं कळू नये?’ हे वाक्य बॉर्डरलाइन (भावना अतितीव्र आणि नाती अस्थिर करणारा व्यक्तिमत्त्व विकार) असलेल्या हुशार माणसांच्या पाचवीला पुजलेलं असतं. या विकारासाठी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ही उपचारपद्धती घडवणाऱ्या तुम्ही त्याला नेमकं उत्तर दिलंत: वरवर दिसणारी क्षमता. सकाळी मीटिंग गाजवणारा माणूस संध्याकाळी मेसेजला उत्तर आलं नाही म्हणून कोसळतो, आणि घरच्यांना ते नाटक वाटतं. एका मनःस्थितीत सहज जमणारी गोष्ट दुसऱ्या मनःस्थितीत हाताशी नसते, हे तुम्ही उपचाराच्या मुळाशीच धरलंत. निदानाला नऊपैकी किमान पाच लक्षणं लागतात. बुद्धीचा त्यात संबंधच नाही.

हुशारी थेरपीतही आडवी येते. स्वतःच्या स्वभावावर तासभर सुरेख बोलता येतं, वागण्यात फरक शून्य! तुमचं चेन अ‍ॅनालिसिस ही पळवाट बंद करतं. आदल्या रात्री झोप किती झाली, नेमकं काय घडलं, अंगात कुठे काय जाणवलं, मनात काय आलं, मग काय केलं, त्यातून काय झालं, सगळं क्रमाने. ‘बालपणामुळे’ एवढ्यावर सुटका नाही. ‘तीन तास उत्तर नाही’ ही घटना, ‘तो मला सोडणार’ हा लावलेला अर्थ. तल्लख डोकं या दोहोंना इतक्या बेमालूम जोडतं की सांधा दिसत नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळं कागदावर लिहायचं.

आणि ते गार पाण्यात चेहरा बुडवणं. हुशार माणसाला हा उपाय पोरकट वाटतो, पण भावना शिगेला पोचल्यावर युक्तिवाद चालत नाही. पुढे वाकायचं, श्वास रोखायचा, डोळे आणि गाल ३० सेकंद पाण्यात. पाणी १० अंश सेल्सिअसपेक्षा गार नको. ठोके मंदावतात. ताठ उभं राहून नुसते हबके मारले तर तेवढा गुण येत नाही. हृदयविकार, मंद नाडी किंवा खाण्याचा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावं. परिणाम काही मिनिटांचाच. तेवढ्यात पुन्हा फोन हातात घेतला, की पहिले पाढे पंचावन्न.

‘वाचून कळलं’ म्हणत थेरपीतल्या स्किल्स ग्रुपला, म्हणजे भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणाऱ्या वर्गाला, दांडी मारणारेही हुशारच. २४ आठवड्यांचा स्किल्सचा क्रम वर्षात सहसा दोनदा करून घेतात, तो याचसाठी.

२०११ मध्ये तुम्ही स्वतःच्या आजाराबद्दल आणि तरुणपणी इस्पितळात काढलेल्या काळाबद्दल जाहीरपणे बोललात. त्याचे आभार वेगळे.

आपले कृतज्ञ,
बॉर्डरलाइनसोबत जगणारे काही जण