ताप आला तर भेटा म्हणे!

संपादक महोदय,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला संधिवाताच्या औषधांवरचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. एरवी तुमच्याकडे संधिवात म्हटलं की गाडी गुडघ्यापाशी येऊन थांबते. पण 'प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी ताप आल्यास त्वरित डॉक्टरांना भेटावे' हे वाक्य तुम्ही चौकटीत, ठळक अक्षरांत छापलंत, त्यावर रात्रभर चरफडत होते. म्हणून हे पत्र.

ताप आल्यास भेटावे, मान्य. आणि नाहीच आला तर?

मला आमवात झाला तो ४१व्या वर्षी. आधी बरीच वर्षं मेथोट्रेक्सेट, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, आठवड्यातून एकदा. त्याने भागेना, तेव्हा टोसिलिझुमॅबची इंजेक्शनं सुरू झाली. गुण आला, खोटं कशाला बोलू? सकाळी उठल्या उठल्या मूठ वळायला लागली. हे औषध शरीरातल्या आयएल-६ नावाच्या रसायनाचं काम अडवतं. सांध्यांची सूज वाढवण्यात त्याचा हात, ताप चढवण्यातही त्याचाच, आणि यकृताला सीआरपी (सूज किंवा संसर्ग झाला की रक्तात वाढणारं, तपासणीत पाहतात ते प्रथिन) तयार करायला लावतं तेही तेच. म्हणजे घरात चोर शिरला तरी घंटा वाजवणाऱ्याचेच हात बांधलेले.

दोन वर्षांपूर्वी चार दिवस खोकला होता आणि अर्धा जिना चढले की दम लागत होता. आमचे नेहमीचे संधिवाततज्ज्ञ परगावी, म्हणून दुसऱ्या एका रुग्णालयात गेले. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी ताप पाहिला, ९८.८. रक्त तपासलं, सीआरपी नॉर्मल. 'काकू, उगाच घाबरता. तुमचा रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगला येईल!' मी इंजेक्शनचं नाव सांगितलं, त्यांनी ते लिहूनही घेतलं. लिहून घेतलं, एवढंच. छातीचा एक्स-रे काढा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. चांगला रिपोर्ट हातात असताना कुरकुर कोण करणार? दोन दिवसांनी ऑक्सिजन ८९ वर आला आणि मला त्याच दारातून खुर्चीवर बसवून आत नेलं. न्यूमोनिया. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग भरलेला. आठ दिवस काढले तिथे, आणि केसपेपरवर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत 'ताप: नाही'. तुमच्या चौकटीप्रमाणे मी डॉक्टरांकडे जायलाच नको होतं.

तेव्हापासून पाकिटात एक कार्ड ठेवते: औषधाचं नाव, शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'ताप नसला, सीआरपी नॉर्मल असला तरी संसर्ग असू शकतो'. हे एक वाक्य तुमच्या चौकटीत मावलं नसतं का?

पुढे लेखात 'संसर्ग झाल्यास औषधे बंद ठेवावीत' असंही आहे. कोणती हो? इंजेक्शन पुढे ढकलतात, मेथोट्रेक्सेटही बहुधा थांबवतात, तेही विचारूनच. पण आमच्यातले कित्येक जण महिनोन्महिने प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी घेत असतात. ती गोळी एकदम सोडली तर शरीर लागलीच स्वतःचं स्टेरॉइड बनवायला लागत नाही, आणि ऐन आजारपणात रक्तदाब कोसळतो. लसींची बोळवणही 'लसीकरण करून घ्यावे' या तीन शब्दांत. फ्लूची, न्यूमोकोकलची घेता येते. जिवंत विषाणूंच्या लसी या औषधांवर असताना टाळतात. इंजेक्शन सुरू करण्याआधी लपलेला क्षयरोग आहे का ते तपासतात, त्याचा तर उल्लेखही नाही. 'गर्दी टाळावी' मात्र दोनदा आलंय. गर्दी टाळता येते हो. 'जरा सर्दीच आहे, बाकी काही नाही' म्हणत अगदी खेटून येऊन बसणारी माणसं कशी टाळायची, तेवढं लेखकांनी सांगितलं असतं तर कात्रण काढून दारावर लावलं असतं.

आणि लेखाच्या बरोब्बर खाली जाहिरात कसली, तर 'प्रतिकारशक्ती दुप्पट करा'! अहो, माझी प्रतिकारशक्ती माझ्याच सांध्यांवर तुटून पडते, म्हणून तर तिला दाबायचा हा सगळा खटाटोप. ती दुप्पट झाली तर हे पत्र लिहायला बोटंच धड राहणार नाहीत. पानं लावणारे वेगळे, जाहिराती घेणारे वेगळे, हे मला कळतं. वाचणारी मात्र मी एकटीच असते.

दुरुस्ती छापाल ही अपेक्षा. चौकटीतच छापा, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको.

आपली,
एक जुनी वाचक

ता. क. शब्दकोड्याचे चौकोन गेल्या महिन्यापासून लहान का केलेत? माझ्या बोटांनी त्यात 'क्ष' बसत नाही.