सूचना : पॅरिसला निघालेल्या आपल्या मुलांसाठी वर्गणी

सर्व माजी विद्यार्थ्यांना नमस्कार. वर्गणीची आठवण करून देतोय.

आपल्या विभागाचा संघ दिवाळीच्या सुमारास पॅरिसला 'आयजेम' स्पर्धेला जातोय. 2004 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये अवघ्या पाच संघांवर सुरू झालेली ही जीवशास्त्राची स्पर्धा. आता जगभरातून शेकडो संघ येतात. आपल्या मुलांचा विषय द्राक्षावरचा केवडा हा रोग. पानावर तेलकट डाग दिसेपर्यंत रोग आत शिरलेला असतो, तो त्याआधीच ओळखता यावा यासाठी त्यांची धडपड चाललीय. परवा प्रयोगशाळेत गेलो होतो. निफाडच्या बागेतून आणलेली पानं ओल्या टिपकागदावर मांडलेली, प्रत्येक डबीवर मार्करने तारीख. एक मुलगी रात्री उशिरापर्यंत त्यांच्या नोंदी घेत होती. अभिमान वाटला.

नोंदणी शुल्क डॉलरमध्ये, शिवाय विमानभाडं. व्हिसाचे माणशी 90 युरो वेगळे, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. दोन मुलांच्या घरची परिस्थिती बेताची आहे; पैशांपायी त्यांचं जाणं अडू नये, असं मला मनापासून वाटतं.

ज्याला जे जमेल ते रविवारपर्यंत खजिनदारांकडे द्यावं. शंभर रुपयेही चालतील. पावती मिळेल. कुणाची द्राक्ष निर्यातदारांशी ओळख असेल तर जरूर कळवा.