रांगेतला पाऊण तास

अंबरनाथ,
भाऊबीजेनंतरचा रविवार

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र धनत्रयोदशीला हातात पडलं. फोन आहेच, पण आपण अ‍ॅप्रेंटिसशिप संपल्यापासून दिवाळीचं पत्र कधी चुकवलं नाही, आणि या वेळी तर मला खरोखरच लिहायचं आहे. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. आता ती भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी लांबून वाचते आणि दिवसातून चारदा वाचून दाखवते. वहिनींनी पाठवलेली आंबोशी पोचली. तुझ्या विहिरीवरच्या पंपाच्या आवाजाचं शेवटी लिहितो.

या वर्षी बोनस हातात आल्या आल्या मी ठरवलं होतं की पोराला खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला न्यायचं. दहावीचं वर्ष आहे, सहामाही परीक्षा झाली आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीतही क्लास फक्त चार दिवस बंद. त्या चारातला एक मी मागून घेतला. हिला चक्कर येते, ती म्हणाली, तुम्ही दोघंच जा. दोघंच म्हटल्यावर खरं सांगतो, मला जरा धास्ती वाटली. गेलं वर्षभर घरात तो माझ्याशी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘जेवून घेतलं’ एवढंच बोलतो. भांडण नाही, राग नाही. मी सेकंड शिफ्ट करून येतो तेव्हा तो झोपलेला असतो, फर्स्टला असलो की मी निघताना झोपलेला असतो. रविवारी दोघेही घरात असलो तरी तो मोबाइलमध्ये, मी बाजारात.

सकाळची खोपोली लोकल धरली. बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ. नेरळला माथेरानची छोटी गाडी उभी दिसली तेव्हा मी ‘बघ’ म्हणालो, त्याने कानातले इअरफोन न काढता मान हलवली. कर्जत सोडल्यावर गाडी जवळजवळ रिकामी झाली. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी. तुला आठवतं, आयटीआयच्या सहलीत आपण या स्टेशनांची नावं तालावर म्हणत होतो? हिने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी दिली होती, ती आम्ही खोपोली यायच्या आतच संपवली, कारण आत डबा नेता येत नाही. स्टेशनबाहेरून रिक्षा केली, पाली रस्त्याने. पाऊस संपून फार दिवस झालेले नाहीत, त्यामुळे डोंगर अजून हिरवे आहेत.

तिकडचं सगळं वर्णन करत बसत नाही. 2013 साली सुरू झालेलं पार्क आहे, स्वच्छ आहे, झाडं आता चांगली वाढली आहेत. आधी राजासॉरसच्या होडीत बसलो. शेवटी होडी उंचावरून पाण्यात आदळते आणि माणूस भिजतो. बाहेर येऊन शर्ट पिळताना पोराने सांगितलं की हा डायनासोर खरोखरचा आहे, त्याची हाडं गुजरातेत सापडली आणि 2003 मध्ये त्याला नाव दिलं, त्या नावात नर्मदाही आहे. सकाळपासूनचं त्याचं ते पहिलं लांब वाक्य.

मग आम्ही नायट्रोपाशी आलो. मोठी रोलर कोस्टर रे. पायाखाली फळी नाही, पाय लोंबकळत राहतात, पाच वेळा माणूस उलटा होतो. दारात पाटी होती, कोणी बसू नये याची. मी वाचायला चष्मा काढतोय तोवर त्याने वाचून टाकली होती. म्हणाला, “पप्पा, रक्तदाब लिहिलंय. तुम्ही बसू नका.” गेल्या फेब्रुवारीपासून मला गोळी चालू आहे हे मी त्याला कधी सांगितलेलं नव्हतं. हिने सांगितलं असेल, किंवा त्याने फळीवरची पट्टी पाहिली असेल. मी म्हटलं, बरं, तू जा, मी इथे बाकावर थांबतो. तो दोन पावलं गेला, परत आला आणि म्हणाला, “पण लाइनीत या ना माझ्याबरोबर.”

सुध्या, मी गेलो. बॅग, मोबाइल, सगळं लॉकरमध्ये ठेवलं. दिवाळीची गर्दी, रांग नागमोडी, पाऊण तास तरी लागणार होता. आणि त्या पाऊण तासात पोरगं बोललं.

सुरुवात आवाजावरून झाली. गाडी चढावर ओढली जात होती, आणि खट-खट-खट असा तो आवाज सगळीकडे भरून राहिलेला. त्याने विचारलं, हे काय वाजतंय? मी सांगितलं, खाली चेन आहे, आपल्या कन्व्हेयरला असते तशी, फक्त दणकट. गाडीच्या पोटाखालचा खटका दातांवरून सरकत वर जातो. चेन तुटली तरी खटका दातात अडकतो, गाडी मागे येत नाही. रॅचेट. तो आवाज म्हणजे भीतीचा नाही, भरवशाचा आवाज आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढे सांगावंसंच वाटलं. म्हटलं, टेकडीच्या माथ्यावर चेन सोडून देते आणि पुढे इंजिन नाही, मोटर नाही, सगळा प्रवास त्या उंचीच्या जिवावर. तो म्हणाला, “म्हणजे मुक्त पतन.” दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा आहे, गुरुत्वाकर्षण. उंची 40 मीटर हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. बोटाने रेलिंगवर आकडे काढत त्याने हिशेब केला: दोन गुणिले 9.8 गुणिले 40, म्हणजे 784, आणि त्याचं वर्गमूळ नेमकं 28. सेकंदाला 28 मीटर, म्हणजे ताशी 100 किलोमीटर. घर्षण धरलेलं नाही, असं त्यानेच वर सांगितलं. पुढच्या दोन कॉलेजच्या मुली मागे वळून ऐकत होत्या. त्याला कळलं, तरी तो थांबला नाही.

मग मी त्याला चाकं दाखवली. गाडी वळणावर आमच्या डोक्यावरून गेली तेव्हा नीट दिसलं: रुळाच्या वर एक चाक, बाजूला एक आणि खाली एक. तीन बाजूंनी रूळ धरलेला आहे, म्हणून उलटी झाली तरी गाडी सुटत नाही. आणि पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही, लोकलच्या सिग्नलसारखं. त्याने विचारलं, हे कोण तपासतं? मी म्हटलं, कोणीतरी मेंटेनन्सवाला. पार्क उघडायच्या आधी येऊन तो बोल्ट बघतो, चाकांचे रबर बघतो, रिकामी गाडी फिरवतो, रजिस्टरवर सही करतो, मग दारं उघडतात.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पप्पा, तुम्ही कंपनीत नेमकं काय करता?”

पंधरा वर्षांचा झालाय तो. माझी सव्वीस वर्षं त्या एका कामात गेली. हा प्रश्न आधी कधीच आला नव्हता, आणि मीही कधी आपणहून सांगितलं नव्हतं. शाळेच्या फॉर्मवर ‘नोकरी’ लिहितो, विषय तिथे संपतो. मी सांगत गेलो. ब्रेकडाउन म्हणजे काय, लाइन बंद पडली की मिनिटामिनिटाला सुपरवायझर कसा घड्याळ बघतो. चेन लांबते म्हणजे काय होतं, ती मोजतात कशी, बदलायची कधी. बेअरिंग जायच्या आधी कसं बोलतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर आणि मूठ कानाला लावून आपण कसं ऐकतो, हे मी रांगेतल्या खांबावर बोट ठेवून दाखवलं. आपल्या उस्तादांनी आपल्याला शिकवलं होतं तसंच. ते म्हणायचे, मशीन खोटं बोलत नाही, तेही त्याला सांगितलं. त्याने माझ्या उजव्या अंगठ्यावरचा व्रण धरला आणि विचारलं, हा तिथलाच का? तो 2004 चा आहे, तुला माहीत आहे. तू तेव्हा मशीनच्या दुसऱ्या बाजूला होतास आणि स्विच तूच पाडलास. तेही सांगितलं. म्हणाला, “सुधाकाका? ज्यांचे आंबे येतात ते?” हो, म्हटलं. तेच.

दार आलं. मी बाजूच्या वाटेने बाहेर पडलो, तो पुढच्या ओळीत बसला. मी खाली उभा राहून खटका मोजत होतो, मध्येच मोजणी चुकली. माथ्यावर आवाज थांबला त्या क्षणी माझा श्वास अडकला, हे लिहायला मला लाज नाही. दोन मिनिटांच्या आत तो परत आला. केस उभे, डोळ्यांत पाणी, आणि पहिलं वाक्य काय, तर “पप्पा, लूप गोल नाहीये! वर आवळलेला आहे, खाली सैल.”

मला त्याचं उत्तर येत नव्हतं. रात्री घरी येऊन दोघांनी मिळून शोधलं. खाली वेग जास्त म्हणून वळण मोठं ठेवतात, वर वेग कमी होतो म्हणून घट्ट. शंभरसव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत नेमका गोल लूप बांधला होता, तर लोकांच्या माना धरायच्या. वेर्नर श्टेंगेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने थेंबासारखा आकार काढला आणि 1976 मध्ये कॅलिफोर्नियात तशी कोस्टर उभी राहिली. आपल्या जन्माच्या थोडंच आधी. पोराने तो आकार विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानावर काढला आहे.

आपण गोराईला गेलो होतो ते मला दिवसभर आठवत होतं. पहिला स्टायपेंड, बोरिवलीच्या बाजूने होडी, खाडीचा तो वास, आणि तू तुझी चप्पल पाण्यात पडली म्हणून एका पायात पार्कभर फिरलास. एस्सेलवर्ल्ड 2022 मध्ये बंद झालं. 1989 पासून किती पोरांनी तिथे पहिल्यांदा पोटात गोळा अनुभवला असेल. बंद झाल्याचं वाचलं तेव्हा मी तुला फोन करणार होतो, पण ब्रेकडाउन आला आणि राहून गेलं. वाईट वाटलं मला. आपण तिथे एकाही मशीनकडे मशीन म्हणून पाहिलं नव्हतं, फिटर ट्रेडचे पोरं असून. नुसतं ओरडलो.

परतताना खोपोलीत डोंगरावरून उतरणारे टाटांच्या वीजघराचे पाइप त्याला दाखवले. 1915 पासून लोणावळ्याच्या तलावांचं पाणी तिथून खाली येऊन चक्रं फिरवतं. इअरफोन या वेळी खिशातच होते. उंची किती, त्याने विचारलं. 500 मीटरहून जास्त, म्हटलं. लोकल सुटायला वेळ होता. त्याने तिकिटाच्या मागे हिशेब केला आणि म्हणाला, सेकंदाला 99 मीटर, ताशी साडेतीनशेच्या वर. मग बराच वेळ डोंगराकडे बघत बसला.

वांगणी गेल्यावर विषय निघाला. अकरावी सायन्स की डिप्लोमा. मार्क चांगले आहेत, हिची इच्छा सायन्सची आहे, क्लासचे सर तेच म्हणतात. त्याला मेकॅनिकलचा डिप्लोमा करावासा वाटतो, पण तो घरात बोलला नव्हता, कारण, त्याच्याच शब्दात, “तुम्हाला वाटेल मी तुमच्यासारखं व्हायला बघतोय, आणि तुम्ही थकता.” मला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. थकतो हे खरं आहे, आणि काम आवडतं हेही खरं आहे. कंपनीत आता आमच्यासारखे पर्मनंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, बाकी सगळे कंत्राटावर. त्या पोरांकडे बघून याला काय सांगू? तू माणूस म्हणून सांग, काका म्हणून सांग. तुझं तो ऐकेल असं मला वाटतं. घाई नाही, मार्चनंतर ठरवू.

आता पंप. सुरू केल्यावर दोन मिनिटांनी खडे घोळवल्यासारखा आवाज येतो असं तू लिहिलं आहेस. मी तो परिच्छेद जेवताना मोठ्याने वाचला. पोराने विचारलं, आधी चांगला असतो आणि मग येतो का? पाणी कमी पडतं का? मी गप्प राहिलो, त्याला बोलू दिलं. त्याचं म्हणणं, पंपाला खालून पुरेसं पाणी मिळत नाही. माझंही तेच मत आहे. बेअरिंगला हात लावू नकोस, आधी फूट व्हॉल्व्ह वर काढून जाळी बघ, पावसाळ्यातला पाला बसला असेल. पण काढायच्या आधी एकदा पंप चालू करून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड कर आणि त्याच्या नंबरवर पाठव, माझ्या नको. नंबर मागच्या पानावर त्याने स्वतःच लिहिला आहे.

काकूंना नमस्कार. वहिनींना आणि मुलींना आशीर्वाद.

तुझाच,
दिन्या