आजी, समुद्र आणि साखरबाव

प्रिय दोस्ता,

काल सगळ्यांना घेऊन मालवणला जाऊन आलो, झोप येईना म्हणून लिहायला बसलोय. आजी, आई-बाबा, आम्ही दोघं आणि आमची चिमणी, एका गाडीत चार पिढ्या! पहाटे चारला निघालो, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरलो. तुला माहीतच आहे, आजीनं ब्याऐंशी वर्षांत समुद्र बघितला नव्हता.

धक्क्यावर होडी बघून ती जरा दचकली, मग होडीवाल्या पोराचा हात घट्ट धरून चढली, नऊवारीचा काष्टा नीट आवरून. सिंधुदुर्गचा दरवाजा एकदम जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, नुसती तटबंदी दिसत राहते, आणि बाबा आपले सांगत सुटलेले, 1664 ला किनाऱ्यावर मोरयाच्या दगडाजवळ पूजा झाली, कुरटे बेटावर तीन वर्षांत किल्ला उभा राहिला, पायाभरणीत शिसं ओतलं. आपल्या कोल्हापूरच्या गादीकडं होता रे हा किल्ला, 1765 ला इंग्रजांनी घेऊन फोर्ट ऑगस्टस नाव ठेवलं, पण परत कोल्हापूरकरांकडं आलाच! हे ऐकून मला उगाच घरी आल्यासारखं वाटलं. शिवराजेश्वर मंदिरात बिनदाढीची महाराजांची मूर्ती आहे, 1695 ला राजाराम महाराजांनी बांधलेलं मंदिर. तिथं आजीनं पदर पसरून नमस्कार केला.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. सगळे तटावर फोटो काढायला गेले आणि आजी साखरबावीच्या कडेला जाऊन उभी राहिली. किल्ल्यातच राहणाऱ्या एका ताईंनी तांब्याभर पाणी दिलं. आजीनं ओंजळीत घेतलं, आधी डोळ्यांना लावलं, मग प्यायली. काही बोलेचना. साठीपर्यंत गावच्या विहिरीवरनं घागरी वाहिल्या तिनं, खांद्याला अजून घट्टा आहे. मग बाबांना म्हणाली, "भिंतीचं काय सांगतोस रं, महाराजांनी आधी हे पाणी बघितलं असणार. पाणी नसतं तर माणसं हितं किती दिवस राहिली असती?" बाबा गप्पच झाले, कारण खरंच आहे ना, चारी बाजूंनी खारं पाणी, शत्रूनं वेढा घातला तर आतल्या शिबंदीला प्यायला दुसरं काय? इतक्या वेळा इतिहास वाचला पण हे माझ्या डोक्यात असं कधी आलंच नव्हतं.

दुपारी सुरमई, सोलकढी, भात. आजीनं माळ घातलीय म्हणून तिला डाळभात आणि खाजा, खाजा मात्र तिनं पिशवीभर घेतला, गल्लीत वाटायला. संध्याकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर चिमणी आणि आजी दोघी पाण्यात पाय घालून बसल्या, लाट आली की दोघी एकदमच ओरडायच्या. घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजले.

आजीनं त्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलंय, देव्हाऱ्यात ठेवलंय, कुणाला हात लावू देत नाही. तू दिवाळीला आलास की तुला पळीभर देणार म्हणालीय.

तुझाच