हवा संपते, हे तू तेव्हाच म्हणाला होतास

भोसरी, पुणे
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, पोराला छर्ऱ्यांची बंदूक घेऊन देऊ का, आणि मी ‘कळवतो’ म्हणून विषय बदलला. त्याचं कारण तेव्हा माझ्या टेबलावर पडलं होतं. गणपतीला गावी गेलो होतो, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आपलं छर्ऱ्यांचं खेळण्यातलं पिस्तूल सापडलं. तेच ते काळं, पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत घेतलेलं. १९९६ चा डिसेंबर. तुझे पंधरा रुपये, माझे पंधरा. आठवडाभर तुझ्याकडे, आठवडाभर माझ्याकडे, असा करार होता, आणि तिसऱ्या आठवड्यात ते मी मोडलं.

ते इकडे आणून मी गेले तीन रविवार त्याच्यात घातले. दट्ट्याला अडवून धरणारा आतला आकडा, म्हणजे हुक, तुटलेला होता, दट्ट्यावरची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, वाळून चपटी झाली होती. ओ-रिंग दुकानात मिळाली. आकडा मात्र मी आमच्या टूलरूममध्ये, सुटीच्या वेळात, असेटल या कडक प्लास्टिकच्या तुकड्यातून कोरून काढला. आता ते चालतंय. पण हे पत्र त्यासाठी नाही. तुला अठ्ठावीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला आधी हे पिस्तूल उघडून दाखवावं लागेल.

आपल्याला वाटायचं, स्प्रिंग छर्ऱ्याला ढकलते. बाळ्या, स्प्रिंग छर्ऱ्याला शिवतसुद्धा नाही. आत एक पांढरा सिलिंडर आहे, आतून १५ मिलिमीटरचा, आणि त्यात इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये असतो तसा दट्ट्या. दट्ट्याच्या पाठीशी स्प्रिंग. वरची स्लाइड मागे ओढली की सिलिंडर आणि दट्ट्या दोन्ही मागे येतात, स्प्रिंग दबते आणि दट्ट्याच्या शेपटीची खाच आकड्यात अडकते. मग स्लाइड पुढे जाते तेव्हा सिलिंडर तिच्याबरोबर परततो, दट्ट्या मात्र मागेच अडकलेला. दोघांत अंतर पडतं आणि पुढच्या बारीक नॉझलमधून हवा आत ओढली जाते. वर आणखी, परतताना तेच नॉझल मॅगझिनमधला एक छर्रा उचलून नळीच्या तोंडाशी नेऊन बसवतं. एका ओढीत स्प्रिंग दबली, हवा भरली, छर्रा चढला. मी रोज मोल्ड काढणारा माणूस. तीस रुपयांच्या खेळण्यात कुणीतरी एवढा विचार केलाय हे पाहून मी बराच वेळ ते नुसतं हातात धरून बसलो.

चाप ओढला की आकडा खाली जातो, दट्ट्या सुटतो आणि समोरची हवा दाबत पुढे धावतो. सायकलच्या पंपाचं भोक बोटाने बंद करून दांडा दाबला की आतली हवा उलटी ढकलते ना, तसंच. इथे बोटाच्या जागी छर्रा आहे. तो पुरेसा दाब येईपर्यंत हवा थोपवून धरतो आणि मग सुटतो. म्हणून छर्रा नळीत नेमका बसणं महत्त्वाचं. छर्रा न घालता चाप ओढला तर हवेला अडवणारं कुणी नसतं. दट्ट्याला समोर हवेची गादी मिळत नाही आणि तो थाडकन सिलिंडरच्या तोंडावर आदळतो. यात्रेतला दुकानदार ‘मोकळी मारू नका’ म्हणून ओरडायचा, ते याच्यासाठी.

आणि आपलं खोबरेल तेल आठवतं? रविवारी सकाळी उठून तू दट्ट्याला तेल पाजायचास, तरी पहिले पाच-सहा बार फुसके जायचे, आणि दुपारी उन्हात तेच पिस्तूल नीट चालायचं. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरातल्या पुसेगावच्या पहाटे ओ-रिंगच्या भोवती सगळा चिकट गोळा झालेला असणार. मी आता सिलिकॉनचं ग्रीस लावलंय, नखावर मावेल इतकंच.

आकड्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सगळ्या पिस्तुलात मला तोच भाग सर्वांत आवडला. दट्ट्याची खाच आणि आकडा जिथे एकमेकांना भिडतात तो पृष्ठभाग सरळ उभा नसतो. दोन-तीन अंश आत कललेला असतो. त्यामुळे स्प्रिंग जितकी जोरात ओढते तितका आकडा खाचेत घट्ट रुततो. स्प्रिंगचा जोरच त्याला धरून ठेवतो. कल जास्त दिला तर चाप इतका जड होतो की पोराच्या बोटाला झेपत नाही. कल दिलाच नाही, किंवा कड झिजून गोल झाली, तर नुसतं टेबलावर आपटलं तरी बार उडतो. मी पहिला आकडा पाच अंशांचा केला, माझ्या लेकीला दोन्ही बोटं लावून चाप ओढावा लागला. दुसरा अडीच अंशांचा केला आणि तो बसला. भंगाराच्या भावात विकल्या जाणाऱ्या वस्तूत अडीच अंशांना एवढी किंमत असते.

नळीच्या तोंडाशी वरच्या बाजूला रबराचा एक बारीक उंचवटा आहे. मला आधी वाटलं मोल्डिंगमधला दोष असेल. तो मुद्दाम ठेवलेला आहे. छर्रा जाताना वरून त्याला घासतो आणि उलटा फिरत बाहेर पडतो. उलट्या फिरकीमुळे वरची हवा वेगाने मागे जाते आणि छर्ऱ्याला थोडी उचल मिळते. तुझ्या लेगस्पिनमध्ये फ्लिपर होता ना, जो अंदाजापेक्षा पुढे जाऊन पडायचा आणि खाली राहायचा? तीच फिरकी. ०.१२ ग्रॅमचा प्लास्टिकचा गोळा, हवा त्याला लगेच थोपवते. ही फिरकी नसती तर आपला छर्रा गोठ्याच्या भिंतीपर्यंतही पोचला नसता.

आता आपण केलेले दोन उद्योग.

पहिला माझा. बार वाढवायचा म्हणून तुझ्या दादाच्या मोडक्या बंदुकीतली अर्धी स्प्रिंग मी आपल्या स्प्रिंगला जोडली. स्लाइड मागे येईना, मी दाराच्या चौकटीला टेकवून जोर लावला आणि आकडा तुटला. आता मोजून सांगतो काय झालं होतं. आपल्या स्प्रिंगला २६ वेढे आहेत, तार ०.९ मिलिमीटर. सगळे वेढे एकमेकांना टेकले की तिची लांबी २३.४ मिलिमीटर. दट्ट्या पूर्ण मागे असताना तिला जागा उरते २८ मिलिमीटर. म्हणजे जेमतेम साडेचार मिलिमीटरांची मोकळीक. मी त्यात आणखी दहा वेढे घातले, म्हणजे ३२.४. वेढ्याला वेढा टेकला आणि स्प्रिंगचा लोखंडी दांडा झाला. वर गंमत अशी की वेढे वाढले की स्प्रिंग मऊ होते, कडक नाही. कडक करायची तर तार जाड लागते, आणि तिथे थोडक्यात खूप फरक पडतो: ०.९ ची १ मिलिमीटर केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर स्प्रिंग दीडपट कडक होते. पण मग आकडाही दीडपट जोर सोसेल असा हवा, सिलिंडरही. यातला नुसता एक भाग बदलून चालत नाही, एक हलवला की बाकीचे सगळे तुझ्याकडे बघायला लागतात.

दुसरा उद्योग नळीचा, आकडा तुटायच्या आधीचा. तोही माझ्याच डोक्यातला. खऱ्या रायफलीची नळी लांब असते, म्हणून भंगारवाल्याकडून छर्रा बरोबर जाईल अशी अॅल्युमिनियमची नळी आणली, फूटपट्टीएवढी, आणि मूळ नळी काढून ती बसवली. छर्रा आधीपेक्षा जवळ पडला. मी म्हणालो, नळी वाकडी आहे. तू उकिडवा बसून नळीत बघत होतास आणि म्हणालास, “नळी सरळ आहे रे. आतली हवाच संपत असेल.” मी तुला वेड्यात काढलं. हवा कशी संपेल, हवा तर सगळीकडे आहे, असं काहीतरी मी सगळ्या पोरांसमोर बोललो आणि सगळे हसले. तू उठून घरी गेलास. तो चेहरा मला नीट आठवतो.

हिशोब ऐक. सिलिंडर आतून १५ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ४० मिलिमीटर. म्हणजे एका बाराला हवा मिळते साधारण ७ घन सेंटिमीटर. नळीचं भोक ६.१ मिलिमीटर, म्हणजे नळीच्या दर सेंटिमीटरला ०.२९ घन सेंटिमीटर हवा लागते. मूळ नळी ८ सेंटिमीटरची. तिला साधारण २.३ घन सेंटिमीटर पुरतात, बाकी हवा दाब टिकवायला. आपल्या ३० सेंटिमीटरच्या नळीला लागत होती ८.७. आपल्याकडे होती ७. साधारण चोविसाव्या सेंटिमीटरला दट्ट्या तळाला टेकलेला, मागून ढकलायला दाब उरलेला नाही, आणि छर्रा पुढे जायला बघतोय तर मागची हवा त्यालाच उलटी ओढतेय. हवा संपत होती, बाळ्या. अगदी तू म्हणालास तशीच.

नुसत्या हिशोबावर माझं समाधान होईना. मग मी नळ्या कापून बघितल्या. वेग मोजायला यंत्र नव्हतं, म्हणून दोन मीटरवर स्टीलचं ताट उभं केलं, बरोबर मध्ये मोबाइल ठेवला आणि आवाज रेकॉर्ड केला. बाराचा ठक्क आणि ताटाचा टण्ण, दोघांमधलं अंतर कॉम्प्युटरवर मोजलं. मोबाइल मध्ये ठेवल्यामुळे दोन्ही आवाज सारखंच अंतर कापून येतात आणि आवाजाचा वेग हिशोबातून निघून जातो. ही कल्पना लेकीची, नववीत आहे ती. मूळ ८ सेंटिमीटरच्या नळीला ५२ मिलिसेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ३८ मीटर. १४ सेंटिमीटरला ४१ मीटर. २४ ला उतरून ३६. आणि ३० सेंटिमीटरला ३१. प्रत्येक नळीचे दहा-दहा बार घेतले. हवा संपायच्या बऱ्याच आधी घर्षण आणि गळती आपला वाटा घेतात, म्हणून सर्वांत चांगली नळी चोवीसची न होता चौदाची ठरली.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. स्प्रिंग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दाबून बघितली: सुरुवातीला साधारण एक किलोचा जोर, पूर्ण दाबल्यावर अडीच किलोचा. त्यावरून एका ओढीत आपण तिच्यात जवळपास ०.७ ज्यूल भरतो, म्हणजे सत्तर ग्रॅमचं लिंबू एक मीटर उचलावं इतकं काम. मूळ नळीतून छर्रा घेऊन निघतो ०.०९ ज्यूलच्या आत. आठातला एक भाग. बाकीचे सात दट्ट्याच्या आदळण्यात, घासण्यात, हवा तापण्यात आणि फटींतून जातात. तो ठक्क आवाज आपल्याला इतका आवडायचा, तो आपल्याच मनगटाचा वाया गेलेला जोर होता.

आता तुझ्या पोराचं. खऱ्या बंदुकीवर कडक निर्बंध असलेल्या जपानमध्ये ही ६ मिलिमीटरच्या छर्ऱ्यांची खेळणी वाढली. तिथे तोक्यो मारुईसारख्या कंपन्या दहा वर्षांवरच्या मुलांसाठी वेगळी पिस्तुलं करतात आणि अठरावरच्यांसाठी वेगळी. २००६ मध्ये तिथे कायद्यानेच मर्यादा घातली: छर्ऱ्याच्या छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरला ३.५ ज्यूल, म्हणजे ६ मिलिमीटरच्या छर्ऱ्याला ०.९८ च्या आसपास. आपलं पिस्तूल त्याच्या दहाव्या भागातही जेमतेम बसतं. तरीसुद्धा सांगतो, डोळ्याला तेवढंही खूप आहे. ताईच्या भुवईखाली लागलेला छर्रा आठव. अर्धा इंच खाली लागला असता तर हे पत्र मी असं लिहू शकलो नसतो. आईने पिस्तूल ट्रंकेत टाकून कुलूप लावलं, ते बरोबर केलं.

म्हणून तुझा मुलगा आठ वर्षांचा आहे तोवर छर्ऱ्यांचं नको. रबरी टोकाच्या मऊ बाणाचं घे, आणि घेताना आयएसआयचं चिन्ह बघ. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ते सक्तीचं आहे. यात्रेतल्या ढिगातलं घेऊ नकोस. आणि त्याला उघडून बघायचं असेल तर बघू दे. स्क्रू काढताना आधी दट्ट्या पुढे आहे ना, स्प्रिंग सैल आहे ना, एवढं मात्र तू स्वतः तपास. दबलेली स्प्रिंग उघड्या डब्यातून उडते तेव्हा ती छर्ऱ्यापेक्षा वाईट.

दिवाळीत इकडे यायचं नक्की कर. पिस्तुलाला मी १४ सेंटिमीटरची नळी बसवून ठेवली आहे, आणि ३० ची कापायची नाही म्हणून बाजूला ठेवली आहे. गच्चीवर जुन्या गोधड्यांचं खोकं लावून दोन्हींचे बार घेऊ. गॉगल कारखान्यातून आणले आहेत, सगळ्यांना पुरतील. पोरं समोर असतील तेव्हा नळीत काय होतं ते तू सांग. मी शेजारी बसून ऐकतो. त्या दिवशी मी बोललो ते चुकीचं होतं, आणि तू बरोबर होतास, हे मला त्या पोरांसमोरच म्हणायला हवं होतं. ती सगळी आता कुठे कुठे पांगली. निदान आपल्या पोरांसमोर म्हणेन.

वहिनींना नमस्कार, काकांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझाच,
पिंट्या